रिट्रीव्हर चाचणीतील स्थिरता: ‘ब्रेक’ नेमका कुठे सुरू होतो?

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची अडीच वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री अमेरिकन केनेल क्लबच्या सिनियर पातळीच्या रिट्रीव्हर चाचणीत, म्हणजे मारलेले पक्षी आणून देणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या परीक्षेत, उतरली होती. जमिनीवरच्या फेरीत दुसरा पक्षी पडत असताना ती तीन पावले पुढे गेली आणि ‘बस’ म्हणताच बसली. पाण्यावरच्या फेरीत ती जागेवरून हलली नाही, पण तिला बसवून ठेवण्यासाठी त्यांना चार वेळा ‘बस’ म्हणावे लागले. ती अनुत्तीर्ण झाली. त्याच दिवशी दुसरी एक कुत्री दहा-बारा पावले धावत सुटली, शिट्टी ऐकून परत आली, आणि ती मात्र उत्तीर्ण ठरली. शेजारच्या मास्टर पातळीच्या चाचणीत एक कुत्रा चार पावलांतच बाद झाल्याचेही त्यांनी पाहिले. ‘मग किती फुटांवर ब्रेक, म्हणजे हुकमाआधी सुटणे, धरतात? की हे सारे परीक्षकाच्या मर्जीवरच आहे?’ असे त्यांनी विचारले आहे.

मी मिनेसोटात अनेक वर्षे माझे स्वतःचे कुत्रे या चाचण्यांत उतरवत आलो आहे आणि परीक्षकाच्या खुर्चीतही बरेच शनिवार-रविवार बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की फुटांचा आकडा कोणी देणार नाही, आणि तो नसणे ही नियमातील उणीव नाही. परीक्षकाला अंतर मोजायचे नसते. कुत्रा पाठवण्याआधीच पक्षी आणायला निघाला होता का, आणि निघाला असेल तर हँडलरच्या, म्हणजे कुत्रा चालवणाऱ्या माणसाच्या, हाती किती लवकर परत आला, एवढेच त्याने ठरवायचे असते. आपण पाहिलेले तिन्ही निकाल या दोन प्रश्नांतून सुटतात. पण त्यासाठी स्थिरतेची अपेक्षा कुठून आली हे आधी पाहावे लागेल.

बदकांच्या शिकारीत कुत्रा शिकाऱ्याच्या शेजारी, आडोशात किंवा लहानशा होडीत बसलेला असतो. पक्षी येतात, बंदुका वर होतात, आणि पुढच्या काही क्षणांत नळ्यांच्या समोरची जागा पूर्ण मोकळी असावी लागते. कारण दुसरा शिकारी खाली आलेल्या जखमी पक्ष्यावर पुन्हा गोळी झाडू शकतो. त्या क्षणी जो कुत्रा उडी मारून पुढे जातो तो स्वतःचा जीव धोक्यात घालतो, आणि होडीत असेल तर माणसांचाही. हा धोका उघड आहे. दुसरे कारण कमी बोलले जाते, पण परीक्षकाला ते रोज दिसते. कुत्र्याला एकामागून एक पडणाऱ्या दोन-तीन पक्ष्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या असतात. पहिल्या पक्ष्याकडे सरकू लागलेला कुत्रा दुसऱ्या पक्ष्याची पडण्याची जागा तिरकस कोनातून आणि धावत्या नजरेने पाहतो. मग पहिला पक्षी आणून झाल्यावर तो दुसऱ्यासाठी भलत्याच झुडपात शोध घेत राहतो. त्याचे मालक म्हणतात की आज त्याची स्मरणशक्ती बरोबर नव्हती. दोष स्मरणशक्तीचा नसतो. पाहण्याच्या वेळी तो स्थिर नव्हता.

ब्रिटनमध्ये या बाबतीत आजही तडजोड नाही. तिथल्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, हुकमाशिवाय धावत सुटणे, ज्याला ते ‘रनिंग इन’ म्हणतात, हा थेट बाद करणारा दोष आहे, आणि जागेवर बसून कण्हणे किंवा भुंकणे हाही तसाच. अमेरिकेत रिट्रीव्हरची पहिली फील्ड ट्रायल 1931 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर येथे झाली. लॅब्रॅडॉर आयात करणाऱ्या धनिक कुटुंबांनी त्या काळात स्कॉटलंडहून गेमकीपरही (शिकारीचे पक्षी आणि रान राखणारे) आणले होते, त्यामुळे सुरुवातीची शिस्त थेट ब्रिटिशच होती. पुढे फील्ड ट्रायल लांब अंतराच्या आणि चढाओढीच्या होत गेल्या, आणि साध्या शिकाऱ्याच्या कुत्र्याला तिथे जागा उरली नाही. म्हणून 1980 च्या दशकात हंट टेस्ट ही नवी पद्धत आली. अमेरिकन केनेल क्लबने ती 1985 मध्ये सुरू केली. इथे कुत्र्यांची आपापसांत स्पर्धा नसते. प्रत्येक कुत्रा ठरलेल्या निकषांवर पास होतो किंवा नापास, आणि दिवसभरात सगळे पास झाले तरी चालते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण ‘तिला सोडले, मग माझीला का नाही’ हा प्रश्न मुळात स्पर्धेचा प्रश्न आहे. परीक्षक दोन कुत्र्या शेजारी ठेवून पाहतच नसतो.

आता तीन पातळ्यांकडे येऊ. ज्युनियरमध्ये कुत्र्याला साध्या पट्ट्याने किंवा सुटी होणाऱ्या दोरीने हलके धरून ठेवता येते, आणि धरले म्हणून गुण कापायचे नसतात. तिथे एकेकच पक्षी पडतो आणि कुत्र्याची आवड, नजर आणि परत येण्याची तयारी पाहायची असते. सिनियर आणि मास्टरमध्ये मात्र कुत्रा लाईनवर, म्हणजे जिथून त्याला पाठवतात त्या जागी, दोरी आणि पट्टा दोन्ही नसताना येतो. त्याला हात लावून रोखता येत नाही. स्थिरतेच्या बाबतीत या दोन पातळ्यांत मोठा फरक एकच आहे. सिनियरमध्ये ‘कंट्रोल्ड ब्रेक’ला, म्हणजे सुटलेला पण लगेच आवाजावर किंवा शिट्टीवर परत आलेला कुत्रा, याला चाचणीत ठेवण्याची मुभा आहे. त्याचे गुण मात्र घटलेच पाहिजेत. मास्टरमध्ये ही मुभा नाही. तिथे निघालेला कुत्रा परत आला तरी निघालाच होता असे मानले जाते. मास्टरचा कुत्रा ही पूर्ण तयार झालेल्या शिकारी कुत्र्याची पातळी आहे, आणि होडीतून उडी मारल्यावर परत येणे हे उडी न मारण्याच्या बरोबरीचे ठरत नाही. आपण पाहिलेला चार पावलांचा निकाल यातूनच आला असणार. त्या परीक्षकांना ती चार पावले सरकणे वाटली नसावीत, ते निघणे वाटले असावे, आणि एकदा ‘निघाला’ असे ठरल्यावर मास्टरमध्ये पुढे तोलायला काही उरत नाही.

सरकणे आणि निघणे यांतला भेद हाच या कामाचा कठीण भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

सरकणारा कुत्रा, ज्याला आम्ही ‘क्रीप’ करणारा म्हणतो, पक्ष्याकडे खेचला जात असतो पण त्याचे मन अजून हुकमाची वाट पाहत असते. त्याचे ढुंगण जमिनीवरून थोडे उचलले जाते, पुढचे पाय एक-दोन वेळा टेकवले जातात, तो पुन्हा बसतो किंवा अर्धवट उभा राहतो, आणि बहुतेक वेळा डोळ्याच्या कोपऱ्यातून हँडलरकडे पाहतो. निघणाऱ्या कुत्र्यात हे काही नसते. त्याचे वजन मागच्या पायांवरून सुटून पुढच्या खांद्यांवर येते, डोके पक्ष्याच्या दिशेने खाली आणि सरळ होते, आणि पहिल्याच ढांगेत वेग येतो. हँडलर जागचा नाहीसा झाला असता तरी तो कुत्रा तसाच गेला असता. म्हणूनच दोन फुटांवर थांबवलेला कुत्रा कधी कधी निघालेला असतो, आणि चार फूट पुढे आलेला कुत्रा कधी कधी फक्त सरकलेला असतो. मी सहकारी परीक्षकाला नेहमी विचारतो, ‘आपण कोणीच काही बोललो नसतो तर तो पुढच्या क्षणी कुठे असता?’ या प्रश्नाला दोघांचे उत्तर एक आले की वाद उरत नाही.

हे दिसण्यासाठी परीक्षकाची नजर योग्य ठिकाणी असावी लागते. सुरुवातीच्या एका चाचणीत मी स्वतः आकाशात उडवलेल्या बदकाकडे पाहत राहिलो. बदक सुंदर कमानीत गेले, पाण्यावर आपटले, आणि मी खाली पाहिले तेव्हा कुत्रा हँडलरच्या चार पावले पुढे बसलेला होता. तो तिथे कसा आला, स्वतःहून थांबला की हँडलरने थांबवला, हे मला सांगता आले नाही. माझ्या सहकारी परीक्षकाने ते पाहिले होते, म्हणून त्या कुत्र्यावर अन्याय झाला नाही, पण माझ्या मनाला ती गोष्ट बरेच दिवस लागून राहिली. तेव्हापासून मी पहिला पक्षी चाचणीच्या कुत्र्याबरोबर एकदा नीट पाहून घेतो, म्हणजे खरे स्पर्धक येण्याआधी रचना तपासण्यासाठी जो कुत्रा धावतो त्याच्या वेळी. त्यानंतर दिवसभर नजर कुत्र्यावरच ठेवतो. पक्षी कुठे पडतो ते मला तोवर माहीत झालेले असते. खुर्चीही त्या हिशेबाने ठेवावी लागते. दोन्ही परीक्षक हँडलरच्या थेट मागे बसले तर त्याच्या पायांआड कुत्रा दिसत नाही. एकाने थोडे बाजूला बसलेच पाहिजे.

आता गुणांचा हिशेब, कारण आपल्या तक्रारीचे उत्तर बहुधा इथे आहे. प्रत्येक परीक्षक चार गोष्टींना 0 ते 10 गुण देतो: पडलेली जागा टिपणे, कामाची शैली, चिकाटी, आणि प्रशिक्षणक्षमता. स्थिरता, ताबा, हुकमाला प्रतिसाद आणि पक्षी हाती देणे या सर्व गोष्टी शेवटच्या सदरात मोडतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण सरासरी 7.0 हवी आणि कोणत्याही एका सदराची सरासरी 5.0 च्या खाली नको. आता समजा त्या दुसऱ्या कुत्रीला कंट्रोल्ड ब्रेकबद्दल एका फेरीत प्रशिक्षणक्षमतेचे 3 गुण मिळाले. दुसऱ्या फेरीत ती दगडासारखी बसली, सरळ गेली, पक्षी हाती दिला, आणि तिला 8 मिळाले. सरासरी 5.5. बाकीची तीन सदरे 8 च्या आसपास असतील तर एकूण सरासरी 7 च्या वरच राहते. आपल्या कुत्रीला पहिल्या फेरीत तीन पावलांबद्दल 5 मिळाले असे धरू, आणि दुसऱ्या फेरीत चार वेळा हुकूम द्यावा लागल्याबद्दल 4. सरासरी 4.5 झाली, आणि बाकीच्या सदरांत 9 असले तरी ती नापास. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण असे निकाल मी अनेकदा पाहिले आहेत. एक ठळक चूक आणि एक चांगली फेरी हे निभावते. दोन फेऱ्यांतली तीच तीच लहान ढिलाई निभावत नाही, आणि मला हे योग्य वाटते. एकदा सुटलेल्या कुत्रीने तिचा हँडलर तिला परत आणू शकतो हे दाखवले होते. प्रत्येक पक्ष्याला जिला पुन्हा पुन्हा सांगावे लागते तिने अजून बसणे शिकलेलेच नाही.

चार वेळा ‘बस’ म्हणण्याबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण आपल्या पत्रावरून असे वाटते की आपण ते दोषात धरलेले नाही. हुकूम कोणत्या भाषेत दिला याला महत्त्व नाही. माझ्या दोन कुत्र्यांनी ‘बस’ आणि ‘थांब’ याच शब्दांवर पदव्या मिळवल्या. पण हळू आवाजात एकदा दिलेली आठवण वेगळी, आणि पक्षी हवेत असताना चढत्या आवाजात दिलेले चार हुकूम वेगळे. दुसऱ्या प्रकारात कुत्र्याची स्थिरता त्याची स्वतःची नसते. हँडलर ती आवाजाने धरून ठेवत असतो, जसा ज्युनियरमध्ये दोरीने धरतो. परीक्षकाला मराठी कळत नसली तरी चार वेळा तोच शब्द आणि चढलेला स्वर त्याला कळतो. हात उगारणे, पाऊल पुढे टाकून कुत्र्याच्या समोर उभे राहणे, हेही तो पाहतो, आणि पाहावेच.

‘ऑनर’ हा भाग इथे जोडून घेतो. सिनियर आणि मास्टरमध्ये कुत्र्याला आपले काम झाल्यावर शेजारी बसून दुसऱ्या कुत्र्याचे काम पाहावे लागते: पक्षी पडतात, बंदुका वाजतात, दुसऱ्याला पाठवले जाते, आणि याने मात्र जागेवर राहायचे. माझ्या मते स्थिरतेची सर्वांत खरी परीक्षा हीच आहे, कारण कामाच्या लाईनवर कुत्र्याला माहीत असते की थोडा वेळ बसले की जायला मिळणार. ऑनरमध्ये जायला मिळणारच नाही. इथे परीक्षकाच्या हातून दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे काम करणारा कुत्रा सुटताच दोघांची नजर त्याच्या मागे जाते, आणि ऑनरवरचा कुत्रा नेमका त्याच क्षणी उठतो. म्हणून आम्ही आधीच ठरवतो की एकाने कामाचा कुत्रा पाहायचा आणि दुसऱ्याने ऑनरचा, त्याला जाण्याची परवानगी मिळेपर्यंत. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. ऑनरवरचा कुत्रा सुटला आणि त्याने काम करणाऱ्या कुत्र्याचे लक्ष मोडले, तर त्याचा भुर्दंड काम करणाऱ्या कुत्र्यावर पडता कामा नये. त्याला पुन्हा निर्मळ संधी द्यायलाच हवी. नवे परीक्षक वेळ वाचवण्यासाठी ‘तसे काही बिघडले नाही’ म्हणून पुढे जातात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण त्या हँडलरने काहीच चूक केलेली नसते.

चाचणीची रचना करतानाही परीक्षकाची जबाबदारी असते. जिवंत पक्षी उडवून तो अगदी जवळ मारून पाडला, त्याआधी बराच वेळ कुत्र्याला आडोशात ताटकळत ठेवले, आणि लाईनकडे चालत येतानाच अचानक पक्षी उडवला, तर निम्मे कुत्रे हलतील. त्यांपैकी किती प्रशिक्षणाच्या कमतरतेमुळे हलले आणि किती रचनेमुळे, हे मग सांगता येत नाही. स्थिरतेची कसोटी जरूर लावावी, पण ती दिवसातून एकदा, शिकारीत खरोखर घडेल अशा प्रसंगातून लावावी. आणि जी रेषा पहिल्या कुत्र्याला लावली तीच शेवटच्या कुत्र्याला लावावी. सकाळी सात वाजता सरकणे म्हणून सोडलेली गोष्ट दुपारी दोन वाजता, ऊन आणि कंटाळा चढल्यावर, ब्रेक म्हणून नोंदवली जाते, हे मी पाहिले आहे. त्यावर उपाय एकच: दोघा परीक्षकांनी पहिला कुत्रा येण्याआधी आपापली रेषा एकमेकांना बोलून दाखवायची, आणि प्रत्येक हालचालीची नोंद शब्दांत करायची. ‘दुसरा पक्षी, दोन पावले, एक हुकूम, बसली’ असे लिहिलेले असले की संध्याकाळी गुण कशाबद्दल कापले हे हँडलरला सांगता येते. नुसता 5 हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून पुढच्या वेळी आपण परीक्षकांना ‘किती फूट?’ असे विचारू नका. ‘आपल्या नोंदीत काय लिहिले आहे?’ असे विनम्रपणे विचारा. निकाल बदलणार नाही, पण घरी कशावर काम करायचे ते कळेल.

आपल्या नातेवाइकांनी महाराष्ट्रातून विचारल्याचे आपण लिहिले आहे की पाळीव लॅब्रॅडॉरला हे सारे कशाला. तिकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि लॅब्रॅडॉर लोकांना घरात किंवा पोलिसांच्या श्वानपथकात दिसतो. पण श्वानपथकातला हँडलरही हेच सांगेल की समोर मोह असताना न हलणारा कुत्राच कामाचा.

आपल्या कुत्रीसाठी सांगायचे तर मी पुढचे सहा आठवडे तिला एकही पक्षी आवाजाने बसवून देणार नाही. डमी (पक्ष्याऐवजी सरावासाठी फेकायची वस्तू) फेकायची, कुत्री बसून राहिली तर बहुतेक वेळा आपणच चालत जाऊन ती उचलायची आणि दहांतून दोन-तीनदाच तिला पाठवायचे. हलली तर ओरडायचे नाही. मदतनिसाने डमी उचलून घ्यायची आणि तिला शांतपणे मूळ जागी आणून बसवायचे, म्हणजे हलल्यावर पक्षी नाहीसा होतो हे तिला स्वतःला उमगेल. चाचणीत परीक्षक कुत्र्याचा क्रमांक पुकारून मोकळीक देतो आणि अनेक कुत्रे त्या पुकारालाच हुकूम समजू लागतात. म्हणून सरावात मित्राला क्रमांक पुकारायला सांगा आणि अर्ध्या वेळा तिला पाठवूच नका. मग दुसरा कुत्रा आणून ऑनरचा सराव, आधी वीस पावलांवरून आणि दर आठवड्याला थोडे जवळ. बसल्या जागी तिचे ढुंगण उचलले जाते का हे आपल्याला वरून दिसत नाही. कोणाला तरी बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा, आणि ते संथ गतीने पाहा. ती तीन पावले टाकण्याच्या बरीच आधी हललेली आपल्याला दिसेल, आणि काम त्या पहिल्या हालचालीवर करायचे आहे.